वाचकांचे प्रश्न : संशोधकाची शोधनिबंधसूची कशी वाचावी?

मागील अंकात जीवशास्त्रातील पीएच.डी. प्रवेशाविषयी माहिती देताना आम्ही ‘मार्गदर्शकाची शोधनिबंधसूची अवश्य पाहावी’ असे एक वाक्य लिहिले होते. ती पाहायची म्हणजे त्यात नेमके काय पाहायचे, अशी विचारणा करणारी बरीच पत्रे आली. त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझ्या मुलीने रेणवीय जीवशास्त्रात एम.एस्सी. केले असून तिला पुण्यातच पीएच.डी. करायची आहे. दोन मार्गदर्शकांनी तिला घेण्याची तयारी दाखवली आहे. पहिल्यांच्या नावावर १४२ शोधनिबंध असून त्यांचा एच-इंडेक्स ३८ आहे. दुसऱ्या बाईंनी स्वतःची प्रयोगशाळा आठ वर्षांपूर्वी सुरू केली, त्यांचे २७ निबंध आहेत आणि एच-इंडेक्स १६ आहे. आकडे पाहता पहिलेच योग्य वाटतात, पण मुलीचा ओढा दुसरीकडे आहे. आम्ही काय करावे?
— एक पालक, कर्वेनगर

उत्तर : एच-इंडेक्स ही मोजपट्टी होर्खे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली सुचवली. एखाद्याच्या किमान १६ निबंधांना प्रत्येकी किमान १६ वेळा इतरांच्या निबंधांत संदर्भ म्हणून घेतले गेले असेल, तर त्याचा एच-इंडेक्स १६. केवळ निबंधांची संख्या मोजली तर भाराभर लिहिणाऱ्याचे फावते आणि केवळ संदर्भांची बेरीज केली तर एखाद्याच गाजलेल्या निबंधामुळे चित्र फुगते, म्हणून हिर्श यांनी हा मधला मार्ग काढला. मात्र त्याच्या रचनेतच काही गोष्टी दडलेल्या आहेत. हा आकडा कधीही कमी होत नाही; संशोधक निवृत्त होऊन घरी बसला तरी त्याच्या जुन्या निबंधांना संदर्भ मिळत राहतात आणि आकडा वाढत राहतो. ज्याने आयुष्यात तीनच निबंध लिहिले आणि त्या तिन्हींनी शास्त्राची दिशा बदलली, त्याचा एच-इंडेक्स तीनच राहणार. शिवाय गूगल स्कॉलरवर प्रबंध, पूर्वप्रती (परीक्षणाआधीचे मसुदे), परिषदांतील लेख असे सगळेच मोजले जाते, तर स्कोपससारख्या सूचींत निवडक नियतकालिकेच असतात; त्यामुळे एकाच व्यक्तीचे दोन ठिकाणचे आकडे सहसा जुळत नाहीत. आपण दिलेले दोन्ही आकडे एकाच ठिकाणाहून घेतले आहेत का, हे आधी पाहावे.

तेव्हा ३८ आणि १६ यांतला फरक प्रथमदर्शनी बहुधा वयाचा आहे. आठ वर्षांत १६ पर्यंत पोहोचणे या विषयात कमी नाही.

आता सूचीकडे वळू. आपल्या मुलीने पबमेड ही जीववैद्यकीय निबंधांची ऑनलाइन सूची उघडावी. ती विनामूल्य आहे. दोघांचेही गेल्या सहा वर्षांतील निबंध वेगळे काढावेत, कारण तिला जे काम करायचे आहे ते आजच्या प्रयोगशाळेत, वीस वर्षांपूर्वीच्या नव्हे. त्यानंतर प्रत्येक निबंधात मार्गदर्शकाचे नाव कोठे आहे ते पाहावे. १४२ पैकी किती निबंधांत ते गृहस्थ शेवटचे (म्हणजे प्रयोगशाळाप्रमुख म्हणून) किंवा पत्रव्यवहाराचे (निबंधाविषयीच्या शंकांना उत्तर देणारे) लेखक आहेत, आणि किती निबंधांत ते वीस-पंचवीस सहलेखकांच्या गर्दीत मध्येच कोठेतरी आहेत? मधले नाव असणे हा दोष नाही. एखादे प्रथिन शुद्ध करून देणे, रुग्णांचे नमुने पुरवणे, वस्तुमान पंक्तिमापकावर मोजमाप करून देणे हे खरेच काम असते आणि त्याचे श्रेय मिळायलाच हवे. परंतु त्यावरून त्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत कोणता प्रश्न सोडवला जात आहे, हे कळत नाही.

यानंतर प्रथम लेखकांची नावे पाहावीत, आणि माझ्या मते पालकांनी सर्वाधिक वेळ येथेच घालवावा. रेणवीय जीवशास्त्रात पहिले नाव साधारणपणे प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याचे किंवा पोस्टडॉकचे (पीएच.डी.नंतर प्रयोगशाळेत काम करणाऱ्या संशोधकाचे) असते. संस्थेच्या संकेतस्थळावर त्या प्रयोगशाळेतून पीएच.डी. झालेल्यांची यादी बहुधा मिळते. ती यादी आणि निबंधसूची शेजारी ठेवली, की बरेच काही आपोआप दिसते. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावावर किमान एक चांगला निबंध आहे का, तो प्रवेशानंतर किती वर्षांनी आला, की काही नावे प्रवेशाच्या यादीत दिसतात आणि पुढे कोठेच दिसत नाहीत? कोणाचा किती काळ फुकट गेला, याची नोंद कोणत्याही निर्देशांकात होत नाही.

शेवटी, सर्वाधिक संदर्भ मिळालेले पाच निबंध दोघांचेही काढावेत आणि त्यांतले आढावा-लेख बाजूला ठेवावेत. आढावा-लेखात नवे प्रयोग नसतात, इतरांच्या कामाचा परामर्श असतो, आणि प्रस्तावना लिहिताना सोयीचा म्हणून त्यालाच भरपूर संदर्भ मिळतात. उरलेल्या निबंधांना ज्यांनी संदर्भ म्हणून घेतले, त्यांतले चार-पाच निबंध उघडून ते वाक्य शोधावे. ‘या विषयावर पूर्वीही काम झाले आहे’ असे म्हणून बारा निबंधांच्या रांगेत उल्लेख केला असेल, तर तो शिष्टाचार झाला. ‘अमुक यांनी दाखवलेल्या या यंत्रणेच्या आधारे आम्ही पुढील प्रयोग आखला’ असे लिहिले असेल, तर त्या कामाचा खरा प्रभाव तेथे आहे. असे दहा उल्लेख मला शंभर शिष्टाचारी उल्लेखांपेक्षा अधिक मोलाचे वाटतात.

एक व्यावहारिक मुद्दा राहिला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या प्राध्यापकांना नवे संशोधक विद्यार्थी घेता येत नाहीत. पहिल्या गृहस्थांची ज्येष्ठता पाहता त्यांना किती वर्षे उरली आहेत, हे स्पष्टपणे विचारावे. त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. आणि मुलीचा ओढा दुसरीकडे का आहे, हे तिलाच विचारावे. बाईंच्या प्रयोगशाळेतील विषयामुळे असेल, तर १६ आणि ३८ ची चर्चा तेथेच थांबवावी असे माझे मत आहे.

प्रश्न : लेखकांच्या यादीत सर्वांत शेवटी नाव असणाऱ्याने सर्वांत कमी काम केलेले असते ना?
— एक विद्यार्थी, फर्ग्युसन रस्ता

उत्तर : या विषयात नेमके उलटे असते. शेवटचे नाव प्रयोगशाळाप्रमुखाचे असते. संकल्पना, निधी आणि जबाबदारी त्यांची. गणितात मात्र नावे आडनावाच्या अकारविल्हे क्रमाने देण्याची प्रथा आहे, त्यामुळे तेथे क्रमावरून काहीच काढता येत नाही. दोन नावांवर तारकाचिन्ह असून खाली ‘समान योगदान’ असे लिहिलेले असेल, तर दोघेही प्रथम लेखक समजावेत. मुलाखतीच्या वेळी समिती ते समजतेच असे नाही, हा भाग वेगळा.

प्रश्न : जगात सर्वाधिक संदर्भ मिळालेला शोधनिबंध डीएनएच्या दुहेरी सर्पिल रचनेचाच असणार, असे आमच्या गटात ठरले. हे बरोबर आहे का?
— विज्ञानप्रेमी मित्रमंडळ, औंध

उत्तर : नाही. वॉटसन आणि क्रिक यांचा २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये आलेला जेमतेम पानभराचा निबंध विसाव्या शतकातील सर्वांत प्रसिद्ध निबंधांपैकी एक आहे. तरीही २०१४ मध्ये ‘नेचर’नेच सर्वाधिक संदर्भ मिळालेल्या शंभर निबंधांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा तो त्या यादीच्या जवळपासही नव्हता. पहिल्या क्रमांकावर होता ऑलिव्हर लौरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध, ज्याला तोवर तीन लाखांहून अधिक संदर्भ मिळाले होते. त्यात एखाद्या द्रावणात प्रथिन किती आहे हे रंगाच्या गडदपणावरून मोजण्याची रीत दिलेली आहे. दुसरा लेमली यांचा १९७० चा, प्रथिने जेलमध्ये विद्युतप्रवाहाने आकारानुसार वेगळी करण्याच्या पद्धतीशी निगडित. तिसरा ब्रॅडफर्ड यांचा १९७६ चा, तोही पुन्हा प्रथिन मोजण्याचाच.

पुण्यातील कोणत्याही जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही तीन नावे सांगा, तो लगेच ओळखेल. मात्र त्याच्या दृष्टीने ती माणसांची नावे नसून टेबलावरच्या बाटल्यांची आहेत. हजारो प्रयोगशाळा रोज जे तंत्र वापरतात, त्याचा निबंध पद्धतींच्या परिच्छेदात आपसूक उद्धृत होतो. लौरी यांनी स्वतःच आपला तो निबंध काही थोर निबंध नव्हे, असे म्हणून ठेवले होते. याचा अर्थ पद्धती शोधणे हे दुय्यम काम आहे, असा कृपया घेऊ नये. फ्रेडरिक सँगर यांना १९८० चे नोबेल पारितोषिक डीएनएचा क्रम वाचण्याच्या पद्धतीसाठीच मिळाले, आणि त्यांचा १९७७ चा त्या पद्धतीवरील निबंध वरील यादीत पहिल्या पाचांत आहे. तथापि, विचारांत क्रांती घडवणारा निबंध आणि हाताला हत्यार देणारा निबंध यांना एकाच रकान्यात मोजले, की हत्यार जवळजवळ नेहमीच जिंकते.

प्रश्न : जी. एन. रामचंद्रन यांचे नाव पाठ्यपुस्तकात वाचून मी चाळीस वर्षे शिकवले. नातवाने त्यांच्या आलेखाच्या मूळ निबंधाची संदर्भसंख्या काढून दाखवली, ती मला अपेक्षेपेक्षा फारच कमी वाटली. एवढे मोठे काम असून असे का?
— निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ

उत्तर : आपल्या पत्राने मला विशेष आनंद झाला, कारण प्रभाव आणि संदर्भसंख्या यांतले अंतर दाखवणारे याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांचा निबंध १९६३ मध्ये ‘जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी’त आला; काम मद्रास विद्यापीठातले. प्रथिनाची साखळी ज्या दुव्यांनी बनते, त्या प्रत्येक दुव्यापाशी तिला दोन कोनांतून वळता येते. अणूंना स्वतःची जागा लागते, ते एकमेकांत घुसू शकत नाहीत, म्हणून या दोन कोनांच्या बहुतेक जोड्या अशक्य ठरतात. शक्य असलेल्या जोड्या चौकोनी आलेखावर मांडल्या, तर मोजकेच पट्टे उरतात. एवढी साधी भूमिती, पण तिच्यामुळे प्रथिनाची कोणतीही प्रस्तावित रचना बरोबर आहे की नाही, याची कसोटी हाती आली. आज प्रोटीन डेटा बँकेत दोन लाखांहून अधिक रचना आहेत, आणि प्रथिनाच्या रचनेसोबत जो तपासणी-अहवाल तयार होतो, त्यात रामचंद्रन आलेखाच्या बाहेर पडणारे दुवे किती, हे नमूद असते.

म्हणजे प्रत्येक रचनेत हे काम वापरले जाते. मात्र अहवाल सॉफ्टवेअर तयार करते, निबंध लिहिणारा त्या सॉफ्टवेअरचा संदर्भ देतो, आणि ‘रामचंद्रन आलेख’ हे शब्द मजकुरात येऊनही १९६३ च्या निबंधाचा क्रमांक तळाशी येत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रक्रियेचे वर्णन करून ठेवले आहे : ज्ञान सर्वांच्या अंगवळणी पडले, की त्याचा मूळ उगम सांगण्याची कोणाला गरज भासत नाही. मूळ कर्त्याचे नाव आलेखाला तरी चिकटून राहिले, हे रामचंद्रन यांचे भाग्यच म्हणायचे. अनेकांच्या वाट्याला तेही येत नाही.

याच संदर्भात आपल्या शहरातील एक उदाहरण सांगतो. आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात माकडे मरू लागली आणि माणसेही तापाने आजारी पडू लागली, तेव्हा या केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्यामागचा, गोचिडांमार्फत पसरणारा विषाणू शोधून काढला. हाच क्यासनूर अरण्यातील आजार. हा रोग प्रामुख्याने पश्चिम घाटाच्या परिसरातला असल्याने त्यावर काम करणारे लोक जगात मोजकेच आहेत, आणि संदर्भ देणारेच मोजके असतील तर संदर्भही मोजकेच मिळणार. त्यावरून त्या कामाची किंमत ठरवायची, तर शिमोग्यातल्या लोकांना विचारावे लागेल. संदर्भसंख्या ही त्या विषयात किती माणसे काम करतात, याचीही मोजणी असते, हे आपल्या नातवालाही अवश्य सांगावे.

प्रश्न : आमच्या चौकात ‘जगातील सर्वोत्तम दोन टक्के शास्त्रज्ञांत निवड’ असा अभिनंदनाचा फ्लेक्स लागला आहे. हा पुरस्कार कोण देते?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : हा पुरस्कार नाही आणि कोणी कोणाची निवडही करत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन आयोनिडिस आणि सहकारी स्कोपसमधील नोंदींवरून गणिती पद्धतीने ही यादी तयार करतात. त्यांच्या पद्धतीत काही गोष्टी चांगल्या आहेत : एकच आकडा न घेता सहा निकष एकत्र केले जातात, प्रथम आणि शेवटच्या लेखकाचे स्थान विचारात घेतले जाते, आणि स्वतःच स्वतःला दिलेले संदर्भ वगळूनही क्रम दाखवला जातो. परंतु याद्या दोन असतात, एक संपूर्ण कारकिर्दीची आणि दुसरी एकाच वर्षाची. त्यांतली कोणती, हे फ्लेक्सवर लिहिलेले मी अजून पाहिलेले नाही.

प्रश्न : मी एका महाविद्यालयात जैवतंत्रज्ञान शिकवतो. एका आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या नियतकालिकाकडून ‘सात दिवसांत प्रसिद्धी, इम्पॅक्ट फॅक्टर ७.८’ अशी ई-मेल आली असून ते साडेतीन हजार रुपये मागत आहेत. पदोन्नतीसाठी निबंध हवाच आहे. पाठवावा का?
— एक सहायक प्राध्यापक, पिंपरी

उत्तर : पाठवू नये. रेणवीय जीवशास्त्रातील निबंध दोन परीक्षकांनी नीट वाचायचा, त्यांच्या शंकांसाठी एखादा नवा प्रयोग करायचा आणि सुधारित निबंध पुन्हा पाठवायचा, याला कित्येक महिने लागतात. सात दिवसांत जे होते, ते परीक्षण नसते.

इम्पॅक्ट फॅक्टर ही कल्पना यूजीन गारफिल्ड यांची. नियतकालिकात गेल्या दोन वर्षांत आलेल्या लेखांना यंदा मिळालेले संदर्भ भागिले त्या लेखांची संख्या, असा तो सरासरीचा हिशोब आहे. तो क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी प्रसिद्ध करते. नियतकालिकाचे नाव तेथे नसेल, तर ७.८ हा आकडा कोठून आला हे त्या लोकांनाच ठाऊक. आकडा खरा असला तरी तो नियतकालिकाचा असतो, आपल्या निबंधाचा नसतो. एखाद्या नियतकालिकातले थोडेच निबंध भरपूर संदर्भ मिळवतात आणि बाकीचे त्यांच्या पुण्याईवर जगतात. फ्रान्सिस्को मोहिका यांचा निबंध, जिवाणूंच्या डीएनएतील पुनरावृत्त तुकडे हे त्यांच्या रोगप्रतिकारशक्तीशी निगडित आहेत असे सांगणारा, ‘नेचर’ने नाकारला आणि तो अखेर २००५ मध्ये ‘जर्नल ऑफ मॉलिक्युलर इव्होल्यूशन’ या तुलनेने लहान नियतकालिकात आला. पुढे त्याच वाटेवर डीएनए हव्या त्या जागी कापण्याचे क्रिस्पर तंत्र उभे राहिले आणि २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल त्या तंत्रासाठी दिले गेले. मोठ्या नियतकालिकांतच निबंध हवा या आग्रहामुळे मूल्यमापन बिघडते, म्हणून २०१२ मध्ये पेशीजीवशास्त्रज्ञांच्या सॅन फ्रान्सिस्को येथील अधिवेशनात एक जाहीरनामा आखला गेला. भरती आणि बढतीच्या वेळी नियतकालिकाचा आकडा वापरू नये, असे तो स्पष्टपणे सांगतो.

आपल्याकडच्या अडचणीचे मूळ मात्र वेगळे आहे, आणि तिचा पुण्याशी जवळचा संबंध आहे. अनुदान आयोगाच्या जुन्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या नियतकालिकांची छाननी डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी केली. ती २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाली. तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके सुमार किंवा संशयास्पद निघाली. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील केंद्राच्या साहाय्याने २०१९ पासून चांगल्या नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली, आणि २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद करून निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपवली. याचा परिणाम असा, की फसवी नियतकालिके आता कोणत्याही यादीशिवाय ‘मान्यताप्राप्त’ असल्याची जाहिरात करू शकतात आणि महाविद्यालयांतील समित्यांना ते ओळखण्याची सवय नाही. याबाबत मला आयोगापेक्षा समित्यांची अधिक चिंता वाटते.

निबंधात नवे काही असेल तर तो आधी बायोआरकाइव्ह या संकेतस्थळावर पूर्वप्रत म्हणून ठेवावा. तेथे शुल्क नाही, तारखेची नोंद होते आणि चुका दाखवणारे वाचकही मिळू शकतात. मग भारतीय विज्ञान अकादमीच्या ‘जर्नल ऑफ बायोसायन्सेस’सारख्या नियतकालिकाकडे पाठवावा. नकार आला तरी परीक्षकांची टिप्पणी हाती येण्याची शक्यता असते, आणि तिचा उपयोग साडेतीन हजारांच्या पावतीपेक्षा अधिक होईल.

प्रश्न : ज्यांच्याकडे माझा भाचा काम करतो, त्यांचा एक निबंध मागे घेतला गेला आहे, असे शोधताना आढळले. त्याने तेथून बाहेर पडावे का?
— एक वाचक, बाणेर

उत्तर : निबंध मागे घेतला की नियतकालिक त्यासोबत निवेदन छापते. ते आधी वाचावे, कारण मागे घेण्याची कारणे एकमेकांहून फार भिन्न असतात. फ्रान्सिस अर्नल्ड यांना २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यानंतर २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला त्यांचा निबंध त्यांनी २०२० च्या जानेवारीत स्वतःहून मागे घेतला, कारण प्रयोग पुन्हा करून पाहिले तेव्हा तेच निष्कर्ष मिळेनात, आणि हे त्यांनी स्वतः जाहीर केले. अशा प्रयोगशाळेतून कोणी बाहेर पडण्याचे कारण नाही.

दुसरा प्रकार चित्रांचा. रेणवीय जीवशास्त्रात पुरावा बहुधा छायाचित्राच्या रूपात असतो : जेलवरचे काळे पट्टे, सूक्ष्मदर्शकाखालील पेशी. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०,६२१ निबंधांतील चित्रे डोळ्यांनी तपासून २०१६ मध्ये दाखवले, की त्यांपैकी ३.८ टक्के निबंधांत तेच चित्र दोनदा वापरलेले होते, आणि त्यांतील निम्म्या तरी ठिकाणी ते मुद्दाम केल्यासारखे दिसत होते. निवेदनात पट्टे फिरवून, कापून किंवा उलटवून वापरल्याचा उल्लेख असेल, तर त्याच प्रयोगशाळेच्या इतर निबंधांवर पबपीअर या संकेतस्थळावर कोणी आक्षेप घेतले आहेत का, हे पाहावे. एकाच निबंधावर आक्षेप असेल आणि मार्गदर्शकांनी मूळ चित्रे दाखवून उत्तर दिले असेल, तर थांबायला हरकत नाही. वेगवेगळ्या वर्षांत, वेगवेगळ्या विद्यार्थ्यांच्या निबंधांवर तसेच आक्षेप असतील आणि उत्तर एकाचेही नसेल, तर भाच्याने संस्थेच्या पीएच.डी. समितीतील एखाद्या बाहेरच्या सदस्याशी लवकर बोलावे. त्याआधी त्याने स्वतःच्या मूळ नोंदी, तारखांसह, व्यवस्थित ठेवाव्यात. मार्गदर्शकांच्या एच-इंडेक्सवरून यातले काहीच कळणार नाही. मागे घेतलेल्या निबंधांना नंतरही संदर्भ मिळत राहतात आणि तेही त्या आकड्यात जमा होतात.